पाऊणकी आणि कुलाब्याची वाट

परीक्षा संपत आल्या की हॉस्टेलच्या जिन्यात एकच चर्चा सुरू होते, यंदा कुठे जायचे? अलिबाग, मुरूड, काशीद, हर्णे ही नावे ठरलेली. गाडीचे भाडे, जेवणाचा खर्च, कोणाकडे कॅमेरा आहे, सगळ्याचा हिशेब होतो. एक हिशेब मात्र कोणीच करत नाही, तो पाण्याचा. आम्हीही केला नव्हता. त्याची ही गोष्ट आणि त्यातून शिकलेले एक सोपे गणित.

सेकंड इयरला आम्ही सातजण अलिबागला गेलो. तिथला कुलाबा किल्ला भर समुद्रात, पण ओहोटीला चालत जाता येते. पावणेदहाला वाळूतून निघालो, तेव्हा पाणी घोट्याएवढे. किल्ला बघण्यासारखाच आहे. शिवाजी महाराजांनी १६८० साली बांधायला घेतलेला, पुढे आंग्र्यांच्या आरमाराचे ठाणे झालेला. आत गणपतीचे देऊळ आणि चारी बाजूंना खारे पाणी असूनही गोड्या पाण्याची विहीर! तटावर बसून डबे खाल्ले, फोटो काढले आणि पावणेबाराला परत निघालो. मधल्या पट्ट्यात पाणी कमरेला लागले. "चला रे, एवढं काय!" म्हणत चौघे पुढे गेले आणि दहा पावलांत छातीपर्यंत बुडाले. पायाखालची वाळू सरकत होती. आमच्यातल्या दोघांना पोहता येत नव्हते.

एका होडीवाल्या काकांनी लांबून आरडाओरडा करून आम्हाला मागे फिरवले आणि मग होडीत घेतले. किनाऱ्याला लागेपर्यंत कोणी बोलेना. शेवटी काकांनीच विचारले, "आज तिथी कोणती रे पोरांनो?" कोणालाच माहीत नव्हती. "चतुर्थी. चाराची पाऊणपट किती? तीन. तीनला भरती. इंजिनिअर होणार ना तुम्ही?"

मान खाली घालून ऐकले, पण डोक्यात पक्के बसले. आता रीतसर मांडतो.

१) भरतीची वेळ : तिथीचा आकडा गुणिले पाऊण. मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर येणारे उत्तर म्हणजे भरतीची अंदाजे वेळ. शुक्ल आणि कृष्ण दोन्ही पक्षांत १ ते १५ मोजायचे. अमावास्या म्हणजेही १५. दिवसातून दोनदा भरती येते, म्हणून तीच वेळ दुपारी आणि रात्रीही लागू.

२) ओहोटीची वेळ : भरतीच्या अलीकडे-पलीकडे साधारण सहा तास बारा मिनिटे. आमच्या चतुर्थीला भरती तीनला, म्हणजे ओहोटी पावणेनऊच्या सुमारास. आम्ही निघालो तेव्हा पाणी उतरत नव्हते, चढायला लागून तास झाला होता!

हे जमते कसे? भरती मुख्यतः चंद्राच्या आकर्षणामुळे येते. चंद्र रोज पुढे सरकतो, म्हणून तो पुन्हा डोक्यावर यायला सुमारे २४ तास ५० मिनिटे लागतात आणि भरतीही रोज तेवढी लांबते. तिथी म्हणजे सूर्य-चंद्रातील कोनाचेच माप. पाऊण तास हे सोयीचे ढोबळ माप आहे, त्यामुळे उत्तर अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होते, विशेषतः पौर्णिमा-अमावास्येजवळ. दक्षिणेला वेळही बदलते आणि भरती-ओहोटीतील फरकही कमी होत जातो. तेव्हा मालवणला हे गणित जसेच्या तसे वापरू नये.

३) पाणी चढण्याचा वेग : हा भाग सर्वांत महत्त्वाचा. पाणी सारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग धरा. सहा तासांत ते ढोबळमानाने १, २, ३, ३, २, १ असे चढते. समजा त्या दिवशी फरक तीन मीटरचा होता. आम्ही गेलो तेव्हा पहिला तास सरला होता, म्हणजे १ भाग, २५ सेंटिमीटर. निघालो तेव्हा तीन तास झाले होते, म्हणजे ६ भाग, दीड मीटर. दोन तासांत सव्वा मीटर! घोट्याचे पाणी छातीला का आले, ते मला होडीत नाही, रूमवर वहीत कळले.

४) उधाण आणि भांग : पौर्णिमा-अमावास्येला सूर्य-चंद्र एका रेषेत असतात, तेव्हा उधाण. भरती मोठी आणि ओहोटीही मोठी. अष्टमीच्या सुमारास भांग, दोन्ही लहान. म्हणून अष्टमीला ओहोटी दुपारी बाराला आली तरी कुलाब्याची वाट पूर्ण उघडी पडेलच असे नाही.

पण भांग म्हणजे सुरक्षित, असेही समजू नका. १ फेब्रुवारी २०१६ रोजी दुपारी मुरूडच्या समुद्रात पुण्यातील एका महाविद्यालयाच्या सहलीतले १४ विद्यार्थी बुडाले. त्या दिवशी कृष्ण अष्टमी होती. आपल्या गणिताने ओहोटी बाराच्या सुमारास, म्हणजे दुपारभर पाणी चढते. त्या दुर्घटनेचे कारण सांगण्याचा मला अधिकार नाही. एवढेच म्हणतो, की ते आपल्याच वयाचे होते आणि आपल्यासारखेच सहलीला आले होते.

आता सहल कशी ठरवावी? कुलाब्याला चालत जायचे तर एकादशी-द्वादशीच्या आसपासचा रविवार बघा. भरती सकाळी साडेआठ-नऊला, ओहोटी अडीच-तीनला. सकाळी गावात फिरा, १९०४ पासून चालू असलेली चुंबकीय वेधशाळा बाहेरून का होईना बघा, लवकर जेवा आणि पाणी उतरत असताना किल्ल्यावर जा. ओहोटीची वेळ झाली की परत फिरा, फोटो राहिले तरी. पक्की वेळ सर्व्हे ऑफ इंडियाच्या भरती-कोष्टकात मिळते, हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचे उंच लाटांचे इशारेही पाहावेत. हे सगळे मोबाइलवर दिसते. पण रेंज गेली तरी पाऊणकी जात नाही. आणि सर्वांत शेवटी, किनाऱ्यावरच्या माणसाला विचारा. तो 'नको' म्हणाला तर नको.

आमच्या विंगमध्ये आता सहलीची तारीख ठरली की कोणीतरी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे जाऊन ओरडून विचारतो, "तिथी कोणती?" ज्युनिअर पोरे हसतात. हसू देत. जातील तितके परत आले म्हणजे झाले.