हात मागे घे गं

रात्री साडेअकराला तुझा मेसेज आला, 'ताई, शनिवार-रविवारची बॅच भरली, सहाही जणांनी पैसे दिले, आणि माझ्या पोटात गोळा आलाय.' मी तेव्हाच फोन करणार होते, पण म्हटलं आधी झोपू दे पोरीला. आता चहा घेऊन बस आणि नीट ऐक.

बघ, गाडीला फिल्म लावायची भीती तुला नाहीच. दारं, बंपर, आरसे हे सगळं तू वर्षानुवर्षं रॅप करतेयस. तुला भीती वाटतेय ती दुसऱ्याच्या हातांची. फिल्म किती ओढली की पुरे, हे तुझ्या बोटांना कळतं, पण ते तोंडानं कसं सांगायचं, याची. साहजिक आहे गं. आणि त्यावर उपायही आहे.

माझी पहिली बॅच मी कशी वाया घालवली, ते तुला कधी सांगितलं नाही. पाच मुलं होती. कुणाच्या फिल्मवर सुरकुती दिसली की मी पुढे व्हायचे, 'थांब, दे इकडे' म्हणून त्याच्या हातातून स्क्वीजी घ्यायचे आणि दोन मिनिटांत सगळं सपाट करून द्यायचे. रविवारी संध्याकाळी बॉनेट असं झळकत होतं की सगळ्यांनी त्याच्याजवळ उभं राहून फोटो काढले. पंधरा दिवसांनी त्यातल्या एकाचा फोन आला. 'ताई, आरसा जमतच नाहीये. तुम्ही कसा केला होता?' खरं सांगू का, त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. तो मुलगा साताऱ्याहून एसटीनं आला होता, कामावर दोन खाडे टाकून आला होता, आणि मी त्याला माझं काम दाखवून परत पाठवलं होतं.

जूनमध्ये वह्यांना खाकी कव्हरं घालायचो ना आपण, तसंच आहे हे. माझी आई माझ्या हातातून वही काढून घ्यायची आणि कोपरा सुरेख दुमडून द्यायची. नववीपर्यंत मला कव्हर घालता येत नव्हतं. म्हणून तुला पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं सांगते: शनिवारी तुझे हात मागे बांध. सुरकुती पडू दे, फिल्म फाटू दे, दोन तुकडे एकमेकांना चिकटून बसू देत. तू शेजारी उभी राहा आणि विचार, 'आत्ता कुठल्या बाजूला ताण जास्त आहे?' उत्तर त्याच्या हातातूनच येऊ दे.

हे परवडायला हवं म्हणून फिल्मचा हिशेब आधी कर. रोल १.५२ मीटर रुंद आणि साधारण २२.८ मीटर लांब येतो. सहा जणांना प्रत्येकी तीन मीटर म्हणजे अठरा, उरलेली साडेचार-पाच मीटर तुझ्या प्रात्यक्षिकाला. एक पूर्ण रोल शिकण्यात जाणार आहे असं समजूनच फी ठरवलीयस ना? नसशील तर पुढच्या बॅचला ठरव. फिल्म वाचवायला गेलीस की तुझाच हात पुढे जाईल, बघ. रोल कास्ट फिल्मचाच घे. कॅलेंडर्ड स्वस्त पडते, पण ती गरम रुळांमधून दाबून ताणून काढलेली असते, त्यामुळे वळणावर बसवली तरी मागे खेचायला बघते. शिकणाऱ्याला वाटतं आपलंच चुकलं. कास्ट फिल्म द्रवरूपात पसरून भट्टीत भाजलेली असते, तिच्यात तो ताण नसतो. आणि रंग मधला, सॅटिन राखाडी वगैरे. ग्लॉस काळ्यावर धुळीचा प्रत्येक कण ओरडून सांगतो, नवख्याचा धीर सुटतो.

पहिल्या दिवशी अख्खी गाडी आतच घेऊ नकोस. भंगारवाल्याकडून दोन बॉनेट, एखादं दार आणि आरशांची सहा कव्हरं आण. ती कमरेच्या उंचीच्या स्टँडवर ठेव. दोघादोघांच्या जोड्या लाव, एकानं धरायचं, दुसऱ्यानं स्क्वीजी चालवायची, मग अदलाबदल. सकाळी सपाट बॉनेट, दुपारी आरसा. आरसा म्हणजे सगळ्या बाजूंनी गोल, चारही दिशांनी फिल्म जादा होणारच. तिथं सगळेजण अडतात. अडू देत. संध्याकाळी प्रत्येकानं तोच आरसा चौथ्यांदा केलेला असेल, आणि चौथा पहिल्यापेक्षा बरा असतोच असतो.

सुरुवातीला एक गोष्ट मात्र तू स्वतः करून दाखव. फिल्मचा हातभर तुकडा घे, मधोमध अंगठ्यानं ओढून त्याला पोक आण, आणि मग लांबून हीट गन फिरव. ती पोक डोळ्यांदेखत आत जाते, तुकडा पुन्हा सपाट होतो. हे बघितल्यावर त्यांचे चेहरे बघशील तू! बिघडलं तरी बरंच काही परत आणता येतं हे एकदा कळलं की हातांची थरथर थांबते. पण लगेच दुसरी बाजूही सांग: मूळ आकाराची हीच आठवण फिल्म गाडीवर बसल्यावरही ठेवते. पुरणपोळी लाटताना एका जागी पातळ झाली की तिथंच फुटते ना, तशी एकाच ठिकाणी ओढलेली फिल्म आधी रंगानं फिकी पडते आणि मग महिन्याभरात खाचेतून उठून येते. म्हणून ताण सगळीकडे वाटायचा. आणि काम झाल्यावर वळणं, खाचा, कडा पुन्हा गरम करायच्या, नव्वद अंशांच्या वर. नेमका आकडा त्या त्या फिल्मच्या पत्रकात असतो, तो छापून भिंतीवर लाव. तापमान अंदाजानं नाही, लांबून मोजायच्या थर्मामीटरनं बघायला शिकव. ही सवय पहिल्या दिवशी लागली तर लागते.

आता तुझ्या यादीतल्या त्या दोघांबद्दल. रेडियमच्या दुकानातून येणारे आहेत म्हणालीस. चांगलंच आहे गं, घाबरतेस काय! नंबरप्लेटा, रिक्षांची नावं, टेम्पोमागची अक्षरं कापून त्यांचा हात इतका पक्का असतो की कटर कसा धरायचा ते तूच त्यांच्याकडून बघून घे. पण एक वाद नक्की होणार. ते म्हणणार, साबणाचं पाणी मारल्याशिवाय स्टिकर नीट सरकत नाही. त्यांचं त्यांच्या कामापुरतं बरोबर आहे, म्हणून त्यांना चारचौघांत चूक ठरवू नकोस. गाडीच्या रॅप फिल्मच्या पाठीला हवा बाहेर जायला बारीक बारीक वाटा असतात. पाणी मारलं की तेच त्या वाटांत अडकतं, आणि गोंदही धड धरत नाही. हे बोलून पटत नाही. एकाच बॉनेटचा अर्धा भाग त्यांना पाण्यावर लावू दे, अर्धा कोरडा लावू दे. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांना कडेला नख लावून बघायला सांग. तुला एक शब्द बोलावा लागणार नाही.

पात्याचा विषय निघाला की माझा आवाज अजून बदलतो. दुसऱ्या की तिसऱ्या बॅचला मी ओळखीच्याची गाडी सरावाला घेतली होती. एका मुलीनं दाराच्या कडेला फिल्म कापली, सरळ, सुंदर कापली, आणि खालचा रंगही कापला. क्लिअर कोटमधून आत गेलेला तो केसासारखा ओरखडा मी आजही डोळ्यांसमोर आणू शकते. ती रडायला लागली. चूक तिची नव्हती, दाब किती द्यायचा हे मी तिला शिकवलंच नव्हतं. पेंटिंगचा खर्च मी दिला आणि तेव्हापासून नियम केला: पहिला दिवस पातं फक्त भंगाराच्या पॅनलवर. प्रत्येकानं दहा रेघा कापायच्या, मग फिल्म काढायची आणि खाली किती रेघा उमटल्या ते मोजायचं. दहातल्या नऊ उमटतात पहिल्यांदा. दुपारपर्यंत दोनवर येतात. दोन म्हणजे अजून गाडीवर कापायचं नाही. गाडीवर नाइफलेस टेप वापरायला दे, तिच्यातला दोरा ओढला की फिल्म कापली जाते, रंगाला पातं लागतच नाही. आणि पात्याचं टोक बोथट व्हायच्या आधी मोडायला लाव. बोथट पात्यावर माणूस नकळत जोर देतो. मोडलेली टोकं जमिनीवर पडता कामा नयेत, झाकणाच्या बरणीत जायला हवीत.

बारीकसारीक आता भराभर सांगते. हीट गन साधारण दोन हजार वॅटची, म्हणजे एकटी आठ-नऊ अँपिअर खाते. साध्या प्लगवर एकही नको आणि एका एक्स्टेंशन बोर्डावर तीन तर मुळीच नकोत. वायरमनकडून सोळा अँपिअरचे तीन वेगळे पॉइंट काढून घे. पंखा बंद, धूळ उडते. आदल्या रात्री फरशी धू, सकाळी पुन्हा पाणी शिंपड. बॅच सकाळी सातला सुरू कर. वीस-पंचवीस अंशांत फिल्म सगळ्यात सोशिक असते, दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये ती लोण्यासारखी मऊ होते आणि टेकवली की चिकटते, मग नवखा माणूस उचलायला जातो नि ताणून ठेवतो. बांगड्या, अंगठ्या, घड्याळ, पट्ट्याचं बक्कल सगळं काढून ठेवायचं, मंगळसूत्र कुडत्याच्या आत, ओढणी नकोच. डोक्याला तेल चोपडून आणि हाताला क्रीम लावून कुणी येऊ नये हे आधीच फोनवर सांग. टायर-डॅशबोर्डच्या पॉलिशची बाटली त्या शेडमध्ये दिसता कामा नये, सिलिकॉनचा एक फवारा उडाला तरी फिल्म धरत नाही. पुसायला आयसोप्रोपाइल अल्कोहोल, आणि कडांच्या आत, हँडलखाली, दाराच्या दुमडलेल्या भागात बोट घालून पुसायचं. फिल्म उठते ती तिथूनच.

दुसऱ्या दिवशी गाडी आली की लगेच हात घालू देऊ नकोस. आधी सगळ्यांना तिच्याभोवती फिरव. कुठं डेंटिंग-पेंटिंग झालंय, कुठं रंगाची छटा वेगळी दिसते, शोधायला लाव. आपल्याकडे कंपनीतून निघालेल्या रंगावर कधीच हात न लागलेली गाडी विरळा. दुसऱ्यांदा मारलेला रंग कधी कधी फिल्म काढताना तिच्याबरोबर सोलून निघतो, आणि मग मालक रॅपवाल्याला धरतो. लावायच्या आधी फोटो काढायचे, मालकाला दाखवायचे, लिहून घ्यायचं. हे शिकवायला लाजू नकोस, हेही कामच आहे.

कायद्याचं अर्धा तास बोल. कुणीतरी विचारणारच, 'ताई, मिलिटरीचा हिरवा मॅट करून द्यायचा का?' नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. आरसीवर गाडीचा रंग लिहिलेला असतो, पूर्ण रंग बदलणारा रॅप करायचा तर आरटीओचं बघावं लागतं हे गिऱ्हाइकाला आधी सांगायचं. काचांवरच्या काळ्या फिल्मबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा २०१२ चा आदेश आहे, तेव्हा 'जाता जाता काचापण करून द्या' म्हणणाऱ्याला हो म्हणायचं नाही.

आणि शेवटचे दोन तास फिल्म काढायला राखून ठेव. हे कुणी शिकवत नाही, म्हणून तू शिकव. कड गरम करायची, फिल्म पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरून सावकाश मागे न्यायची. उभी खेचली की गोंद गाडीवर राहतो आणि अख्खी दुपार तो खरवडण्यात जाते. आपण लावलेलं आपणच नीट काढलं की त्यांना कळतं कुठं कमी दाबलं होतं, कुठं पुसायचं राहिलं होतं. फिल्मची पाठ सगळं दाखवते.

एक गोष्ट तू लिहिली नाहीस, पण मला दिसतेय. सहात पाच पुरुष आहेत, त्यातले दोन तुझ्यापेक्षा वयानं मोठे. कुणीतरी दारात येऊन 'सर कुठायत?' विचारेल. मलाही विचारलंय. 'मीच शिकवणार आहे, चपला तिकडे काढा' एवढंच म्हण आणि कामाला लाग. पहिलं बॉनेट शांतपणे, न बोलता लावून दाखव. लावण्याचं प्रात्यक्षिक एवढं एकच, त्यानंतर हात मागे.

आणि कुणालाही दोन दिवसांत कारागीर करून दाखवते म्हणू नकोस. फोनवरच स्पष्ट सांग की इथून सुरुवात होईल, पुढं भंगारातले तीस-चाळीस आरसे घरी करावे लागतील. असं सांगितल्यानं एखादा गळेल. राहणारे मनापासून येतात. महिन्याभरानं एका रविवारी त्यांना अर्धा दिवस परत बोलाव, केलेली कामं घेऊन या म्हण. माझ्या साताऱ्याच्या मुलाला मी तसंच पुन्हा बोलावलं होतं. अकरावा आरसा त्यानं माझ्यासमोर केला, मी खुर्चीवर बसून राहिले.

शुक्रवारी संध्याकाळी घरी येऊन जा. आरशांची चार कव्हरं माझ्याकडे पडलीयत, ती ने. आणि लोणच्याची ती जुनी बरणीही ने, झाकणाला मी फट पाडून ठेवलीय, पात्याचं टोक बरोबर आत जातं.