नियमित चालणे, वजन नियंत्रण आणि शहरातील पदपथ

बंगळुरू शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसले आहे. वर्षाचा बराच काळ तेथील हवा सुखद असते. हैदर अलीने १७६० मध्ये प्रारंभ केलेली आणि आज सुमारे २४० एकरांत पसरलेली लालबाग, तसेच १८७० मध्ये आकारास आलेले कब्बन उद्यान येथे पहाटेपासून फिरावयास येणाऱ्यांची वर्दळ असते. तरीही हे शहर ज्या राज्याची राजधानी आहे, त्या कर्नाटकात अतिवजनाचे प्रमाण झपाट्याने वाढले आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१५-१६ मध्ये राज्यातील १५ ते ४९ वयोगटातील २३.३ टक्के स्त्रिया व २२.१ टक्के पुरुष अतिवजनी अथवा स्थूल होते. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण अनुक्रमे ३०.१ व ३०.९ टक्के झाले. हवा अनुकूल आणि उद्याने नामवंत असूनही असे का व्हावे, हा प्रश्न आरोग्याइतकाच नगरनियोजनाचाही आहे.

स्थूलतेचे मोजमाप

किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता शरीर वस्तुमान निर्देशांक मिळतो. जागतिक निकषानुसार २५ व त्यापुढील निर्देशांक अतिवजन दर्शवितो. वरील सर्वेक्षणात हाच निकष वापरला आहे. भारतीयांमध्ये तुलनेने कमी निर्देशांकालाही मधुमेह व हृदयविकाराचा धोका वाढतो. म्हणून २००९ च्या भारतीय मार्गदर्शक सूत्रांत अतिवजनाची मर्यादा २३ आणि स्थूलतेची २५ अशी ठेवण्यात आली. पोटावरील चरबी अधिक घातक असल्याने कंबरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा कमी असावा, असे मानले जाते.

चालण्याने नेमके काय साधते?

७० किलो वजनाची व्यक्ती ताशी पाच किलोमीटर वेगाने अर्धा तास चालली, तर सुमारे १२० किलोकॅलरी ऊर्जा खर्च होते. तेवढाच वेळ स्वस्थ बसल्यावरही होणारा खर्च वजा केल्यास अतिरिक्त खर्च ८० ते ९० किलोकॅलरी एवढाच उरतो. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० किलोकॅलरी ऊर्जा साठलेली असते. म्हणजे आहार न वाढविता रोज अर्धा तास चालल्यास एक किलो चरबी घटण्यास साधारणतः तीन महिने लागतील. फिरून परतताना उपाहारगृहात घेतलेला वडा आणि गोड कॉफी हा सारा हिशेब सहज उलटवू शकतात.

यावरून चालणे निरुपयोगी ठरत नाही. त्याचे खरे स्थान मात्र स्पष्ट होते. वजन उतरविण्यात आहाराचा वाटा मोठा असतो, तर उतरलेले वजन पुन्हा वाढू न देण्यात नियमित हालचालीचा. शिवाय वजन फारसे न घटताही चालण्याने रक्तदाब व रक्तशर्करा आटोक्यात राहण्यास मदत होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम तीव्रतेच्या हालचालीची शिफारस केली. बोलता येते, परंतु गाणे म्हणता येत नाही, ही त्या तीव्रतेची सोपी खूण होय.

सवय आणि रस्ता

ही सवय टिकण्यासाठी चालणे दैनंदिन व्यवहाराचा भाग बनावे लागते. उद्यानापर्यंत वाहनाने जाऊन तेथे चालणे सर्वांच्या आवाक्यातले नाही. घरापासून बसथांब्यापर्यंत, तेथून कार्यालयापर्यंत आणि बाजारापर्यंतचे चालणे मात्र प्रत्येकास शक्य आहे. अट एवढीच की, पदपथ सलग व सुरक्षित असावा. भारतीय रस्ते परिषदेच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूत्रांत पदपथाची किमान अडथळाविरहित रुंदी १.८ मीटर सांगितली आहे. प्रत्यक्षात उखडलेल्या फरशा, उभी केलेली वाहने व उघडी गटारे यांमुळे पादचारी रस्त्यावर उतरतो. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांत ३२,८२५ पादचारी होते. आरोग्यासाठी चाला, असा उपदेश करताना या आकड्याकडे डोळेझाक करता येत नाही.

बंगळुरूमध्ये या दिशेने काही प्रयत्न झाले आहेत. ‘टेंडरशुअर’ योजनेत रेसिडेन्सी रोडसारख्या मध्यवर्ती रस्त्यांवर जलवाहिन्या व तारा भूमिगत करून रुंद पदपथ बांधण्यात आले. नोव्हेंबर २०२० मध्ये चर्च स्ट्रीट शनिवार-रविवारी मोटारींसाठी बंद ठेवण्याचा प्रयोगही झाला. परंतु मध्यवर्ती भागातील अशा निवडक रस्त्यांचा लाभ उपनगरांत राहणाऱ्या श्रमिकाला, वृद्धाला वा सायंकाळी एकटीने घरी परतणाऱ्या स्त्रीला मिळत नाही.

घटनात्मक व धोरणात्मक चौकट

सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य आहे, असे घटनेचा अनुच्छेद ४७ सांगतो. ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत रस्ते, सार्वजनिक आरोग्य आणि उद्याने हे विषय नगरपालिकांच्या कार्यकक्षेत येतात. २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने वाहनांऐवजी माणसांच्या ये-जा करण्याला प्राधान्य दिले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अडथळाविरहित पदपथ वापरण्याचा हक्क अनुच्छेद २१ चा भाग असल्याचे स्पष्ट केले. २०१९ मधील ‘फिट इंडिया’ चळवळीने व्यक्तीला आवाहन केले. त्या आवाहनास प्रतिसाद देणे शक्य व्हावे, ही जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांची आहे.

तात्पर्य, वजन नियंत्रणात आहाराचा संयम व चालण्याचे सातत्य ही व्यक्तीची बाजू, तर चालण्याजोगा रस्ता ही शासनाची बाजू होय. असंसर्गजन्य रोगांच्या प्रतिबंधाचा विचार करताना परीक्षार्थींनी या दोन्ही बाजू एकत्र मांडाव्यात. रुग्णालयांवरील भार हलका करण्याचे काम बऱ्याच अंशी पदपथावरच सुरू होते.