आफ्रिकेतील रानहत्ती : अन्न, पाणी व वसतिस्थान
(वरच्या प्राथमिक इयत्तांसाठी एक पाठ)



“हत्ती काय खातो?” या प्रश्नास वर्गात “गवत, ऊस, झाडपाला” असे उत्तर चटकन मिळते आणि पाठ तेथेच संपतो. वस्तुतः तो तेथून सुरू व्हावयास हवा. प्राणी आपले अन्न कोठे, कोणत्या ऋतूत आणि पाण्यापासून किती अंतरावर मिळवितो, हे उमगले म्हणजेच ‘वसतिस्थान’ या शब्दास अर्थ येतो.

साहित्य : आफ्रिकेचा नकाशा, फळा, रंगीत खडू.

पूर्वतयारी : घरचा बैल दिवसाला किती वैरण खातो व किती पाणी पितो, हे मुलांनी आदल्या दिवशी घरी विचारून यावे.

विषयप्रवेश : मुलांनी आणलेले आकडे फळ्यावर लिहावेत. त्यांच्या शेजारी लिहावे : प्रौढ हत्ती, अन्न सुमारे १५० किलो, पाणी १०० लिटरांहून अधिक. एका हत्तीची वैरण किती बैलांना पुरेल, हे मुलांनीच भागाकार करून काढावे. खाल्लेल्यापैकी निम्म्याहून अधिक भाग हत्तीस पचत नाही. म्हणून दिवसरात्र मिळून त्याचे बहुतेक तास चरण्यातच जातात. एवढे अन्न एका जागी कोठून मिळणार, हा प्रश्न मुलांच्या मनात येथे आपोआप उभा राहील.

विवेचन : आफ्रिकेत हत्तींच्या दोन जाती आहेत. सॅव्हाना हत्ती गवताळ व विरळ झाडीच्या प्रदेशात राहतो. पावसाळ्यात तो कोवळे गवत खातो व दूरवर पांगतो. गवत वाळले की तो पाला, डहाळ्या, शेंगा, मुळे व झाडांच्या साली यांकडे वळतो आणि नदी अथवा दलदलीच्या आश्रयास येतो. केनियातील अंबोसेली येथे किलिमांजारो पर्वतावरून झिरपलेल्या पाण्याच्या दलदली कोरड्या ऋतूतही हिरव्या असतात. त्या दिवसांत हत्ती तेथे दिसतात. नामिबियाच्या वायव्येकडील वाळवंटी भागात ते कोरड्या नदीपात्रांच्या काठची झाडे धरून राहतात. दुसरी जात वनहत्तीची. तो कांगो खोऱ्यातील दाट अरण्यात राहतो व पाल्याबरोबर फळेही भरपूर खातो. त्याच्या विष्ठेतून बिया दूर जाऊन पडतात व रुजतात. अशा रीतीने हत्ती अरण्याचे खातो आणि अरण्य पेरतोही.

मुख्य प्रसंग : आता केनियातील त्सावो राष्ट्रीय उद्यान नकाशावर दाखवावे. १९७०–७१ च्या अवर्षणात तेथे सुमारे सहा हजार हत्ती मरण पावले. ते तहानेने मेले असावेत, असेच मुले म्हणतील. त्यांना थोडा वेळ विचार करू द्यावा, मग सांगावे की ते भुकेने मेले. टिकून राहिलेल्या पाण्याभोवती हत्तींची दाटी झाली आणि जवळचा चारा संपला. दूर चारा होता, परंतु पिलांना घेऊन माद्यांना पाण्यापासून फार लांब जाता येईना. म्हणून मृतांत माद्या व पिले यांचीच संख्या अधिक होती. लांबवर चरून परतणारे नर त्या मानाने वाचले. फळ्यावर पाण्याचे एक वर्तुळ, त्याभोवती उजाड पट्टा व त्यापलीकडे झाडी असे चित्र काढल्यास ही गोष्ट मुलांच्या मनावर ठसेल. दुष्काळी भागातील मुलांस तर ती अधिक सांगावी लागणार नाही.

निष्कर्ष : अन्न, पाणी आणि त्या दोहोंमधील वाट, ही तिन्ही मिळून वसतिस्थान होते. वाट तुटली की उरलेली दोन्ही व्यर्थ ठरतात. आज आफ्रिकेत अनेक ठिकाणी या वाटांवर शेती, रस्ते व कुंपणे आली आहेत आणि हत्ती पिकांत शिरतात. यात शेतकऱ्याचे वर्षाचे धान्य जाते, हेही मुलांस सांगावे. दोघांची बाजू मांडल्याशिवाय पाठ प्रामाणिक होणार नाही. त्सावोलगतच्या काही शेतकऱ्यांनी शेताच्या कडेने तारेवर मधमाश्यांच्या पेट्या टांगल्या आहेत. तारेस धक्का लागताच माश्या उठतात, हत्ती बहुधा माघारी फिरतो आणि शेतकऱ्यास मधही मिळतो.

हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही. २००२ पासून कर्नाटकातून हत्ती सिंधुदुर्गात व पुढे कोल्हापूर जिल्ह्यात येऊ लागले. ते आशियाई जातीचे आहेत, परंतु पोट व पाणी यांचा नियम त्यांनाही तोच आहे.

स्वाध्याय :
१. त्सावोत पाणी असूनही हत्ती का मेले?
२. पावसाळ्यात व कोरड्या ऋतूत हत्तीच्या आहारात कोणता फरक पडतो?
३. आपल्या गावची गुरे उन्हाळ्यात चरण्यास व पाण्यास कोठे जातात? त्या वाटेचा नकाशा काढा.

तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे शिक्षकांनी स्वतः वाटेने हिंडून तपासावीत. वर्गात शिकविलेला शब्द मुलांना तेथे पायाखाली सापडेल.