गर्दी हाही एक लोडच आहे!



लेखाचा विषय एका रॅपरची टूर आहे हे कळल्यावर स्टाफरूममध्ये दोन-चार भुवया उंचावतील. हॉस्टेलवर मात्र कुणीतरी म्हणेल, ‘चला, मराठी विभागात पावसावरच्या कवितांशिवाय काहीतरी आलं!’ दोन्ही पार्ट्यांना विनंती एवढीच, की जरा धीर धरा. ह्या लेखात गाणी कमी आणि अप्लाइड मेकॅनिक्स जास्त आहे.

टूर आहे ट्रॅव्हिस स्कॉट ह्या अमेरिकन रॅपरची. त्याचा ‘यूटोपिया’ हा अल्बम २८ जुलै २०२३ ला आला आणि त्या अल्बमसाठी ‘सर्कस मॅक्सिमस’ नावाची टूर ११ ऑक्टोबर २०२३ ला अमेरिकेतल्या शार्लट शहरातून निघाली. २०२४ मध्ये ती युरोप, लॅटिन अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड अशी फिरली. २०२५ मध्ये जोहान्सबर्ग झालं, मग १८ आणि १९ ऑक्टोबरला दिल्लीचं जवाहरलाल नेहरू स्टेडियम आणि १९ नोव्हेंबरला मुंबईचं महालक्ष्मी रेसकोर्स. म्हणजे एका अल्बमच्या जोरावर दोन वर्षांहून जास्त काळ भटकंती. आपल्याकडे एका सेमिस्टरचं सबमिशनसुद्धा इतकं लांबत नाही!

एवढी धावपळ कशासाठी? पूर्वी कॅसेट आणि सीडी खपावी म्हणून कलाकार दौरे काढायचे. आता गणित उलटं झालं आहे. मोबाइलवर एकदा गाणं ऐकलं की कलाकाराच्या हातात पैशाचा एक छोटासा अंश पडतो. खरी कमाई तिकिटात आणि मैदानाबाहेर विकल्या जाणाऱ्या टी-शर्टात. त्यामुळे आजचा अल्बम म्हणजे जवळजवळ टूरची जाहिरातच म्हणायची.

स्टेडियममधल्या अशा टूरमागचं इंजिनिअरिंगही बघण्यासारखं असतं. रंगमंचाच्या लोखंडी सांगाड्याचे दोन-तीन संच असतात. एका शहरात कार्यक्रम चालू असताना पुढच्या शहरात दुसरा संच उभा राहत असतो. दिवे, ध्वनी, पडदे हा महागडा माल मात्र एकच, तो कार्यक्रम संपला की रात्रीतच उतरवून पुढे निघतो. परदेशात जाताना त्यासाठी ‘कार्ने’ नावाचा कागद काढतात. ‘हा माल विकायला आणलेला नाही, परत घेऊन जाणार आहोत’ अशी कस्टमला दिलेली ती हमी. हे सगळं कौतुकाचं आहेच. पण मैदानातला सगळ्यात जड माल कंटेनरमधून येत नाही, तो तिकीट काढून गेटमधून चालत येतो. माणशी ६५ किलो धरले तरी ५०,००० माणसं म्हणजे ३,२५० टन! आणि हे लोड स्वतः हलतं, नाचतं, ढकलतं, घाबरतं.

आता ह्या टूरच्या आधीचा इतिहास बघू, कारण तो सोडला तर बाकीचं समजणार नाही. ५ नोव्हेंबर २०२१. ह्यूस्टन हे स्कॉटचं स्वतःचं गाव. तिथे एनआरजी पार्कच्या मोकळ्या आवारात त्याचा ‘अ‍ॅस्ट्रोवर्ल्ड’ महोत्सव भरला होता. सुमारे ५०,००० माणसं. रात्री नऊनंतर तो रंगमंचावर आला. त्याआधी दुसऱ्या रंगमंचावरचा कार्यक्रम आटोपला होता, त्यामुळे तिकडची गर्दीही इकडे सरकली. सगळे उभे, खुर्च्या नाहीत, जागेचे नंबर नाहीत. त्या रात्रीच्या चेंगराचेंगरीत दहा जणांचा जीव गेला. वयं ९ ते २७. म्हणजे बहुतेक आपल्याच वयाची पोरं.

ते मेले कसे, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. इंग्रजी पेपर अशा घटनेला ‘स्टॅम्पीड’ म्हणतात. त्याचा मूळ अर्थ जनावरांचा कळप उधळणं. त्यावरून वाटतं की लोक सैरावैरा पळाले आणि पायदळी गेले. ह्यूस्टनला पळायला जागाच नव्हती. आपला ‘चेंगराचेंगरी’ हा शब्द शास्त्रीयदृष्ट्या जास्त अचूक आहे! माणूस उभ्याउभ्या चेंगरतो. श्वास घ्यायचा म्हणजे छाती फुगायला हवी. चारही बाजूंनी दाब असला की सोडलेला श्वास परत घेताच येत नाही. हाड मोडत नाही, रक्त येत नाही, शेजारच्यालाही पत्ता लागत नाही.

सिव्हिलच्या मित्रांनी इथे आपलं आयएस ८७५, भाग २ आठवावं. सभागृहात खुर्च्या पक्क्या बसवलेल्या नसतील तर लाइव्ह लोड किती धरतो? ५ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर. त्याला माणसांत बदला. ७० किलोची सात माणसं म्हणजे ४९० किलो, म्हणजे जवळपास तेवढंच. म्हणजे एका चौरस मीटरमध्ये सात माणसं उभी राहिली तरी आपण डिझाइन केलेला स्लॅब ढिम्म हलणार नाही. आणि नेमक्या ह्याच घनतेला गर्दी धोक्याची होते! अमेरिकन इंजिनिअर जॉन फ्रुइन ह्यांनी १९९३ च्या आपल्या निबंधात हाच आकडा दिला आहे. चौरस मीटरला साधारण सात माणसं झाली की गर्दी द्रवासारखी वागू लागते. तिच्यात लाटा उठतात, माणसं आपल्या मर्जीशिवाय काही मीटर वाहत जातात. मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा बराच वेळ तिथेच अडकलो. स्लॅब पास, माणूस नापास. आपण चार वर्षं उभं लोड मोजायला शिकतो, आडव्या लोडचा विचार वाऱ्याचा आणि भूकंपाचाच करतो. माणूस माणसाला ढकलतो ते बळ कुठल्या पेपरात येतं?

ते बळ थोडं नसतं. फ्रुइन सांगतात की अशा दुर्घटनांनंतर वाकलेले लोखंडी कठडे पाहिले, तर ४,५०० न्यूटनपेक्षा जास्त बळ लागलं असणार. हे येतं कुठून? अगदी ढोबळ गणित करू. प्रत्येक ओळीतला माणूस पुढच्यावर फक्त ५० न्यूटनने रेलला, म्हणजे पाच किलोची पिशवी टेकवल्यासारखं. वीस ओळी एकाच वेळी रेलल्या तर पहिल्या ओळीतल्या माणसाच्या छातीवर १,००० न्यूटन. मागच्याला वाटतं, मी तर नुसता टेकलोय. पुढच्याचा जीव जातोय.

रंगमंचासमोरचं बॅरिकेडही बघा, गमतीशीर रचना आहे. ते जमिनीत गाडलेलं नसतं. इंग्रजी एल अक्षरासारखं असतं आणि त्याच्या खालच्या पत्र्यावर प्रेक्षकच उभे राहतात. म्हणजे गर्दी जे ओव्हरटर्निंग मोमेंट देते, त्याला विरोध करणारं मोमेंटही गर्दीच्याच वजनातून मिळतं. सुंदर कल्पना! पण बॅरिकेड पडलं नाही की सगळी प्रतिक्रिया पहिल्या ओळीच्या बरगड्यांवर. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने नंतर व्हिडिओ तपासले तेव्हा दिसलं की मृतांपैकी बहुतेक जण एकाच चौकोनात होते, आणि त्या चौकोनाला तीन बाजूंनी लोखंडी बॅरिकेड होती. मागून रेटा, बाकी तिन्ही बाजू बंद.

इन्स्ट्रुमेंटेशन आणि कंट्रोलवाल्यांसाठीही ह्यात मोठा धडा आहे. रात्री ९.३८ ला ह्यूस्टनच्या अग्निशमन दलाने ‘मोठ्या संख्येने जखमी’ अशी अधिकृत घोषणा केली. कार्यक्रम थांबला दहा वाजून गेल्यावर. मधे अर्ध्या तासाहून अधिक वेळ गाणी चालूच! सेन्सर होते, म्हणजे माणसं ओरडत होती, काही जण कॅमेऱ्याच्या मचाणावर चढून सांगत होते. अ‍ॅक्च्युएटर होता, म्हणजे माइक आणि स्पीकर. मधली तारच नव्हती. असा डेड टाइम असलेली कंट्रोल सिस्टिम आपण वायवाला दाखवली तर सर पुढचा प्रश्नसुद्धा विचारणार नाहीत. फ्रुइन ह्यांच्या मांडणीत गर्दीची चार अंगं आहेत: बळ, माहिती, जागा आणि वेळ. ह्यूस्टनला चारही बिघडली, पण माहिती सगळ्यात वाईट.

मग दोष कुणाचा? कँटीनमध्ये ह्यावर तासभर वाद रंगेल. स्कॉटच्या कार्यक्रमात धुडगूस हा जाहिरातीचाच भाग होता. २०१५ च्या शिकागोच्या महोत्सवात आणि २०१७ मध्ये आर्कान्सामध्ये प्रेक्षकांना भडकवल्याबद्दल त्याने कोर्टात गुन्हा कबूल केला होता. पण ह्यूस्टनच्या प्रकरणात जून २०२३ मध्ये ग्रँड ज्युरीने त्याच्यासकट कुणावरही फौजदारी आरोप ठेवले नाहीत, आणि दहाही मृतांच्या कुटुंबांचे दिवाणी दावे मे २०२४ अखेर तडजोडीने मिटले. टेक्सासच्या राज्यपालांनी नेमलेल्या समितीने एप्रिल २०२२ मध्ये अहवाल दिला. कार्यक्रम कधी थांबवायचा आणि थांबवण्याचा अधिकार कुणाचा, हे आधीच ठरलेलं असावं, हा त्यातला महत्त्वाचा मुद्दा. माझ्या मते कलाकाराच्या स्वभावावर सुरक्षितता अवलंबून असेल तर ते डिझाइनच चुकलेलं. ड्रायव्हर शहाणा आहे म्हणून कुणी ब्रेक काढून ठेवत नाही.

ग्रँड ज्युरीच्या निर्णयानंतर महिनाभरातच ‘यूटोपिया’ आला. ७ ऑगस्ट २०२३ ला रोमच्या चिर्को मासिमोमध्ये, म्हणजे ज्याच्यावरून टूरचं नाव ठेवलं त्याच प्राचीन रथांच्या मैदानात, सुमारे ६०,००० लोकांसमोर कार्यक्रम झाला. आणि आसपासच्या रहिवाशांनी भूकंप झाला समजून फोन केले! गंमत नाही ही. तालावर उडी मारणारा माणूस सेकंदाला साधारण दीड ते साडेतीन वेळा उडतो, आणि जमिनीवर आदळताना त्याचं बळ वजनाच्या काही पट असतं. साठ हजार जण एकाच बीटवर उडाले की तो अख्ख्या मैदानावर चालणारा व्हायब्रेटर. कोलोसियमच्या पुरातत्त्व उद्यानाच्या संचालिकांनी ‘इथे आता रॉक कार्यक्रम नकोत’ अशी मागणी केली. जवळच पॅलेटाइन टेकडीवर दोन हजार वर्षांचं बांधकाम आहे, त्यांची काळजी रास्तच.

टूर मात्र पहिल्या टप्प्यात बंदिस्त स्टेडियममध्ये झाली. १९ ऑक्टोबर २०२३ ला ती ह्यूस्टनलाही गेली, पण मोकळ्या आवारात नाही, टोयोटा सेंटरमध्ये. तिथे बहुतेक प्रेक्षकांना नंबराची खुर्ची, बाहेर पडायचे दरवाजे पक्के आणि मोजलेले, क्षमता ठरलेली. रंगमंचही एका टोकाला नाही, मैदानाच्या मधोमध लांबवर पसरलेला, डोंगर आणि पडक्या अवशेषांसारखा. दिसायला नेपथ्य, पण त्याचा भूमितीत फायदा बघा. २० मीटर रुंद रंगमंच एका टोकाला असेल तर ‘पुढची ओळ’ २० मीटरची. तोच ४० मीटर लांब करून मधे ठेवला, तर दोन्ही बाजू मिळून ८० मीटर. पुढे घुसू पाहणारी माणसं तेवढीच, जागा चौपट. हा विचार सुरक्षिततेसाठी केला की दिखाव्यासाठी ते नेपथ्यकारच जाणे, पण गर्दीची घनता हेतू विचारत नाही.

आता ‘हे सगळं अमेरिकेत’ असं म्हणणाऱ्यांसाठी. २५ नोव्हेंबर २०२३ ला कोचीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विद्यापीठात टेकफेस्ट चालू होता. ओपन एअर ऑडिटोरियममध्ये संध्याकाळी गाण्याचा कार्यक्रम. पाऊस आला, बाहेर थांबलेली मुलं एकदम आत घुसली, आत उताराच्या पायऱ्या. चौघं गेले, त्यातले तिघे त्याच विद्यापीठाचे विद्यार्थी. गर्दी पन्नास हजारांची नव्हती, रॅपर नव्हता, मॉशपिट नव्हता. पाऊस आणि पायऱ्या पुरल्या. मुंबईत २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर तेवीस माणसं गेली, तेव्हाही हेच दोघं हजर होते.

म्हणून गॅदरिंग कमिटीत जे असतील त्यांच्यासाठी एक छोटं गणित. ब्रिटनच्या ‘ग्रीन गाइड’नुसार सपाट वाटेवरून मिनिटाला प्रत्येक मीटर रुंदीमागे जास्तीत जास्त ८२ माणसं बाहेर पडतात, पायऱ्यांवरून ६६. समजा ओपन एअरला १,५०० पोरं आहेत आणि गेट २ मीटरचं. मिनिटाला १६४, म्हणजे सगळे बाहेर पडायला साधारण ९ मिनिटं. तिथे पायऱ्या असतील तर ११ च्या वर. आणि बाहेरची फुकटी मंडळी आत येऊ नयेत म्हणून गेटचं एक दार कडी लावून बंद ठेवलं, तर सपाट वाटेवरही १८ मिनिटं. त्याच गाइडमध्ये बाहेर पडायला जास्तीत जास्त ८ मिनिटं धरलेली आहेत. टेप घेऊन गेट मोजायला पाच मिनिटं लागतात, सर्व्हेइंगचं प्रॅक्टिकल झालेल्या कुणालाही जमेल. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची २०१४ ची गर्दी व्यवस्थापनाची मार्गदर्शिकाही आहे. डीन सरांकडे परवानगीचा अर्ज नेताना ती सोबत न्या, अर्ज निदान दोनदा वाचला जाईल.

आणि एक, साउंडवाल्याच्या शेजारी कमिटीतला एक जण शेवटपर्यंत बसवा. त्याने नाचायचं नाही, सेल्फी काढायचे नाहीत. पुढच्या ओळीजवळच्या दोघांनी टॉर्च हलवला की त्याने सांगायचं आणि साउंडवाल्याने मास्टर फेडर खाली आणायचा, मग मंचावर कुणीही असो. ते दोघं कोण, टॉर्च कुठल्या रंगाचा, दिवे आधी लावायचे की आवाज आधी बंद करायचा, हे आदल्या रात्री रिहर्सलला ठरवून टाका.