*पाचट विकायचं, पेटवायचं की सरीत ठेवायचं?*



हुपरी भागात तोडी सुरू आहेत. ग्रुपवर प्रश्न आला होता : मलेशियात पामतेलाच्या टाकाऊ चोथ्यापासून कागद, पावडर करतात, मग आपल्या पाचटाला गिऱ्हाईक का नाही? प्रश्न चांगला आहे, म्हणून आज जरा सविस्तर.

या सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे सेल्युलोज. ही ग्लुकोजच्या कणांची लांब साखळी. कापूस म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज. पामचा रिकामा घड, उसाचा भुस्सा आणि पाचट यांच्या सुक्या वजनात ते साधारण 40 टक्के असतं. धाग्यांना चिकटून बसलेलं लिग्निन कॉस्टिक सोड्यात शिजवून काढलं की लगदा उरतो. त्याचा कागद होतो. आणखी शुद्ध केला की औषधाच्या गोळीत भरायची पावडर. चांदी गाळून मळ वेगळा काढतात तसंच, हुपरीकरांना वेगळं सांगायला नको. तमिळनाडूत करूरजवळचा कारखाना 1980च्या दशकापासून भुश्शाचा कागद करतोय.

आता मुद्दा. पामचा रिकामा घड तेलाच्या गिरणीत आपोआप गोळा होतो. आपल्याकडे तसा भुस्सा कारखान्यात साठतो, गाळलेल्या उसाच्या जवळपास 30 टक्के. पाचट मात्र रानभर पसरलेलं, हलकं, मातीनं माखलेलं. गोळा करून गठ्ठे बांधून न्यायचा खर्चच अंगावर येतो. पामच्या बागेतही छाटलेल्या झावळ्या ओळींच्या मध्ये रचून तिथंच कुजवतात. आपलं पाचट म्हणजे त्या झावळ्या.

हिशेब बघा. एकरी 3 ते 4 टन पाचट निघतं. त्यात नत्र 0.4 ते 0.5 टक्के. 4 टन धरलं तर 16 ते 20 किलो, म्हणजे युरियाच्या एका 45 किलोच्या पोत्याच्या आसपास. पालाश आणि सेंद्रिय कर्ब वेगळा. गठ्ठ्याचा दर कुणी सांगितला तर आधी हे वजा करा. पेटवलं तर नत्र आणि कर्ब दोन्ही धुरात जातात.

"पाचट ठेवलं आणि खोडवा पिवळा पडला" ही तक्रार खोटी नाही. सेल्युलोज खाणाऱ्या जिवाणूंना नत्र लागतं. पाचटात ते कमी, म्हणून ते मातीतलं ओढतात आणि पीक उपाशी राहतं. यासाठीच पाचटावर युरिया टाकायचा. तो पिकासाठी नव्हे, जिवाणूंसाठी. पुष्कळजण नेमकं हेच चुकवतात.

*काय करायचं :* बुडख्यांवरचं पाचट सरीत ओढा, बुडखे कोयत्यानं जमिनीलगत छाटा. पाचटाच्या टनाला 8 किलो युरिया आणि 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट विस्कटून टाका. मग 1 किलो पाचट कुजवणारं कल्चर चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून पसरा. युरियात कल्चर कालवू नका, जिवाणू मरतात. पाणी द्या आणि पाचट ओलं झालं की पायानं सरीत दाबा. कोरडं राहिलं तर कुजत नाही, वर ठिणगीची भीती.

खोडव्याच्या पिकाचा नेहमीचा खताचा हप्ता यात धरू नका, तो वेगळा द्यायचाच.

कल्चर हवं असेल त्यांनी गाव आणि क्षेत्र या ग्रुपवर लिहा. तोड झाल्यावर नव्हे, तोडीची तारीख कळली की लगेच.