‘येणार नाही’ हे कोणी ठरविले?

प्रत्येक वर्गात दोन-चार मुले तरी अशी असतात की, फळ्यावर उदाहरण लिहून पुरे होण्यापूर्वीच त्यांनी लेखणी खाली ठेवलेली असते. कारण विचारावे तर उत्तर ठरलेले : “सर, मला गणित येत नाही.” मौज ही की, हे वाक्य उच्चारताना त्यांच्या मुद्रेवर खेदापेक्षा समाधानच अधिक दिसते, जणू काही मोठ्या प्रयासाने सिद्ध केलेला एखादा सिद्धांतच ती सांगत आहेत! परंतु सिद्धांत म्हटला की सिद्धता हवी. ती मागितली म्हणजे कळून येते की, तिसरीत असताना एकदा पाढे चुकले होते, अथवा थोरल्या बहिणीलाही गणित जमले नव्हते, अथवा घरी कोणी तरी सहज तसे बोलून गेले होते. एवढ्याशा पुराव्यावर न्यायालय साध्या चोरालाही शिक्षा देणार नाही. आपण मात्र स्वतःस जन्माची शिक्षा देऊन मोकळे होतो.

ह्याच मनात दुसराही एक आवाज असतो. तो फार हळू बोलतो. “हे असे असावे, करून तर पाहा,” एवढेच तो सुचवितो. त्यालाच आपण अंतःस्फूर्ती म्हणतो. ह्या दोन आवाजांशी कसे वागावे, ह्याचा पाठ मायकेल फॅरडे ह्याच्या चरित्रात जसा मिळतो तसा क्वचितच अन्यत्र मिळेल.

फॅरडे १७९१ साली लंडनजवळ एका गरीब लोहाराच्या घरी जन्मला. लिहिणे, वाचणे व साधे अंकगणित, एवढेच त्याचे शालेय शिक्षण. चौदाव्या वर्षी तो एका पुस्तकविक्रेत्याकडे बांधणीचे काम शिकण्यास राहिला आणि जी पुस्तके बांधावयाची ती वाचू लागला. विश्वकोशातील विजेवरील लेख त्याच्या हाती आला तो असाच. १८१२ साली एका गिऱ्हाइकाने दिलेल्या तिकिटांवर त्याने सर हंफ्री डेव्ही ह्यांची चार व्याख्याने ऐकली, त्यांची टिपणे नीट लिहून काढून स्वतः बांधली आणि ती डेव्हींकडे पाठवून दिली. पुढील वर्षी, १८१३ च्या मार्च महिन्यात, तो रॉयल इन्स्टिट्यूशनच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागला.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. फॅरडेच्या उणिवा काल्पनिक नव्हत्या. उच्च गणित त्याला खरोखरच येत नव्हते, आणि १८२२ साली अँपिअर ह्या फ्रेंच शास्त्रज्ञास लिहिलेल्या पत्रात त्याने ते निःसंकोचपणे मान्य केले आहे. स्मरणशक्तीही दुबळी होती. म्हणून तो प्रत्येक प्रयोग वहीत टिपून ठेवी. परंतु ‘मला समीकरणे मांडता येत नाहीत’ ह्या वाक्यापासून ‘म्हणून निसर्गाचे गूढ मला उकलावयाचे नाही’ ह्या वाक्यापर्यंत त्याने उडी मारली नाही. पहिले वाक्य वस्तुस्थिती आहे, दुसरे निव्वळ समजूत. आपली मुले ही दोन वाक्ये एका श्वासात बोलतात. आणि पालकांची क्षमा मागून म्हणतो, पुष्कळदा ती त्यांना घरीच शिकविली जातात. “आमच्या घराण्यात गणित कोणालाच आले नाही हो!” असे शिक्षकांस सांगताना बाजूला उभे असलेले मूल ते ऐकत असते, ह्याचा आपणांस विसर पडतो.

विजेच्या प्रवाहाने चुंबकसूची हलते, हे १८२० साली अर्स्टेड ह्याने दाखविले होते. मग चुंबकापासून वीज का निघू नये? असे फॅरडेच्या मनाने घेतले. १८२२ साली त्याने हा हेतू आपल्या टिपणवहीत लिहून ठेवला. १८२५ साली केलेल्या प्रयोगांत हाती काहीच लागले नाही. अखेर २९ ऑगस्ट १८३१ रोजी त्याने सुमारे सहा इंच व्यासाच्या लोखंडी कड्याच्या दोन बाजूंस तारेची दोन वेगवेगळी वेटोळी गुंडाळली. एक विद्युत्‌घटास जोडावयाचे होते. दुसऱ्याची तार दूर ठेवलेल्या चुंबकसूचीवरून नेली होती. घट जोडताच सूची हलली आणि पुनः स्थिर झाली. घट तोडताच ती पुनः हलली. मधल्या वेळात मात्र काही नाही! चुंबकापासून वीज मिळते, ही त्याची अंतःस्फूर्ती खरी होती. पण ती अखंड वाहत राहील, ही अपेक्षा चुकीची होती. चुंबकत्वात बदल होत असेल तेव्हाच वीज उत्पन्न होते. हे त्याला आतल्या आवाजाने सांगितले नाही, सूचीने सांगितले. आज कोयनेसारख्या वीजगृहांत जनित्रे फिरतात ती ह्याच तत्त्वावर.

चुंबकाभोवती लोखंडाचा कीस पसरला असता वक्र रेषा उमटतात, हे तुम्ही प्रयोगशाळेत पाहिलेच असेल. दोन वस्तूंमधील मोकळ्या जागेत काही नसते, बल दुरूनच कार्य करते, असे त्या काळचे बहुतेक गणिती मानीत. फॅरडेला मात्र त्या मोकळ्या जागेतच बलरेषा भरलेल्या ‘दिसत’ होत्या. हे चित्र अनेक विद्वानांस अडाण्याचे वाटले. परंतु १८५५-५६ मध्ये मॅक्सवेल ह्या पंचविशीतील तरुण गणितज्ञाने त्याच बलरेषांवर निबंध लिहून त्यांना गणिताची भाषा दिली. तो वाचून प्रथम आपण जवळजवळ घाबरलोच, पण आपला विषय एवढ्या गणितापुढे टिकून राहिला ह्याचे मग आश्चर्य वाटले, अशा आशयाचे पत्र वृद्ध फॅरडेने त्यास पाठविले.

अंतःस्फूर्ती नेहमीच फळास येते असे मात्र कोणी समजू नये. गुरुत्वाकर्षण आणि वीज ह्यांचा संबंध असला पाहिजे, असे फॅरडेला तीव्रतेने वाटे. १८४९ साली त्याने उंचावरून वस्तू खाली सोडून प्रयोग केले. एकही यशस्वी झाला नाही. त्याने काय केले? ‘माझी भावना डळमळलेली नाही, पण असा संबंध असल्याचा पुरावा ह्या प्रयोगांनी मिळत नाही,’ अशा अर्थाचे लिहून ते अपयश छापून प्रसिद्ध केले. भावना एका पारड्यात व पुरावा दुसऱ्या पारड्यात. एकाचे वजन दुसऱ्यात त्याने कधी मिसळले नाही. मला तर त्याच्या यशापेक्षा हे पान अधिक मोलाचे वाटते.

१८६२ च्या मार्च महिन्यात, वयाच्या सत्तराव्या वर्षी, त्याने शेवटचा प्रयोग केला. ज्योतीच्या प्रकाशाचे रंग चुंबकामुळे बदलतात काय, हे त्याला पाहावयाचे होते. साधने अपुरी होती. काहीही बदल दिसला नाही. त्याने तसे वहीत नोंदविले. त्या वहीतील परिच्छेदांस त्याने अनुक्रमांक दिले होते, आणि ते सोळा हजारांच्या पुढे गेले होते. पुढे १८९६ साली हॉलंडमधील झेमान ह्या तरुण शास्त्रज्ञाने, फॅरडेने हा प्रयत्न केला होता हे वाचून, अधिक सूक्ष्म साधनांनी तोच प्रयोग पुनः केला, आणि ज्योतीच्या वर्णपटातील रेषा रुंदावलेल्या त्याला दिसल्या.