फुप्फुसातील सूक्ष्म गाठीचा ठाव

छातीच्या सीटी स्कॅनमध्ये ८-१० मिलिमीटरची गाठ स्वच्छ दिसते. परंतु शस्त्रक्रियेच्या टेबलावर तीच गाठ शल्यचिकित्सकास सापडेलच असे नाही. वाचकांस हे चमत्कारिक वाटेल. पण स्कॅनच्या वेळी रुग्ण श्वास रोखून धरतो व फुप्फुस हवेने भरलेले असते; शस्त्रक्रियेत त्या बाजूच्या फुप्फुसातील हवा काढून घ्यावी लागते. मग ते स्पंजाप्रमाणे आकसते आणि चित्रावरून मोजलेली अंतरे निरुपयोगी ठरतात.

छाती उघडून शस्त्रक्रिया करताना फुप्फुस हातात घेऊन चाचपता येते. दुर्बिणीद्वारे, लहान छिद्रांतून काम करताना ही सोय राहत नाही. फार तर एखादे बोट आत जाते. या पद्धतीत वेदना कमी आणि रुग्ण लवकर घरी जातो हे खरे, पण गाठ न सापडल्यास छाती उघडावी लागते, नाहीतर निरोगी भागही अधिक कापावा लागतो. जपानी शल्यचिकित्सकांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, १० मिलिमीटरपर्यंतची गाठ पृष्ठभागापासून ५ मिलिमीटरहून खोल असल्यास ती हाती न लागण्याची शक्यता ६३ टक्के होती. दुधी काचेसारख्या धूसर दिसणाऱ्या गाठी तर बोटालाही जाणवत नाहीत.

म्हणून आधीच खूण करून ठेवतात. सीटी स्कॅनवर पाहत छातीतून सुई घालून गाठीजवळ आकड्याची तार रोवणे हा एक परिचित मार्ग होय. तार निसटू शकते, फुप्फुसाभोवती हवा साचू शकते, आणि क्वचित हवेचा बुडबुडा रक्तात शिरून जिवावर बेतते. तारेऐवजी धातूचे बारीक वेटोळेही ठेवतात. ते शस्त्रक्रियेच्या वेळी क्ष-किरणांत दिसते.

जपानमध्ये विकसित झालेली एक पद्धत सुई टाळते. श्वासनलिकेतील दुर्बिणीतून इंडिगो कार्मिन हा निळा रंग फुप्फुसाच्या पृष्ठभागालगत अनेक ठिकाणी सोडतात. एका ठिपक्यावर भिस्त न ठेवता फुप्फुसावर जणू नकाशाच काढला जातो. एखादा ठिपका पुसट झाला तरी उरलेल्यांवरून कापण्याची रेषा ठरते. धूम्रपानाने काळवंडलेल्या फुप्फुसावर मात्र निळा रंग उठून दिसत नाही. तेथे इंडोसायनिन ग्रीन उपयोगी पडते. अवरक्त प्रकाशाच्या कॅमेऱ्यात ते चमकते.

आपल्या देशात अशा गाठींपैकी अनेक क्षयरोगाच्या जुन्या खुणा निघतात. तेव्हा कर्करोग निश्चित नसताना मोठा भाग काढणे रुग्णास महागात पडते. याच कारणास्तव काढलेला तुकडा तेथेच तपासून, गाठ त्यात असल्याची खात्री करूनच छाती बंद करतात.